मुसीकाठी आमची माणसं

बारा वाजायला पाच मिनिटं आहेत आणि सालारजंग म्युझियमच्या चौकात पाय ठेवायला जागा नाही. सहलीला आलेली शाळेची पोरं पुढे फरशीवर बसली आहेत, त्यांच्यामागे कॉलेजच्या मुली मोबाईल उंच धरून उभ्या आहेत, आणि आम्ही दोघं एका खांबाला टेकून. सगळ्यांची नजर समोरच्या लाकडी घड्याळावर. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं हे घड्याळ. त्यात एक इवलासा लोहार बसला आहे. तो सेकंदासेकंदाला घण घालतो. ठक, ठक, ठक. दोन्ही काटे एकमेकांजवळ येतात तशी पोरं गप्प होतात. एक बारकं दार उघडतं, दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि टोले द्यायला लागतो. पोरं मोठ्यानं मोजतात. तेलुगू, उर्दू, हिंदी अशी सगळी मोजणी एकात एक मिसळते, आणि आमच्या डाव्या हाताला एक म्हातारी मराठीत मोजतेय, "नऊ, धा, अकरा..." बारावा टोला पडतो, बाहुला आत जातो, दार लागतं, टाळ्या होतात.

आमचे हे टाळ्या वाजवत नाहीत. त्यांचं लक्ष अजून लोहाराकडे आहे. "दाढीवाला तासाला एकदा येतो अन् सगळी वाहवा घेऊन जातो," हे म्हणतात. "घण घालणाऱ्याकडं कुणी बघना." शेतकरी माणूस. कुठंही गेला तरी राबणारा हात त्याला आधी दिसतो.

जानेवारीचा पहिला आठवडा सरत आलाय. वसमतजवळच्या आमच्या रानात हळद उभी आहे, पाला पिवळा पडू लागलाय. पाला कापायचा, गड्डे उकरायचे, शिजवायचे, वाळवायचे, पॉलिश करायचं. एकदा त्या कामाला हात लागला की मार्च संपेपर्यंत मान वर करायला सवड मिळत नाही. सोयाबीन निघालंय, हळदीला अजून थोडा अवधी आहे. या मधल्या फटीत मी शाळेतून रजा टाकली आणि आम्ही निघालो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातली नवरा-बायको हल्ली फिरायला निघाली की मुंबई, नाहीतर पुणे. मुलगा पुण्यात असतो, त्यानंही तेच सुचवलं होतं. पण आमच्या घरात शहर म्हटलं की सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, तोंडी हैदराबादच येतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. हायकोर्ट इकडे, कॉलेज इकडे, मोठा दवाखाना इकडे. मामांचे वडील जमिनीच्या दाव्यापायी इथल्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत. मामांनी लहानपणी त्यांचं बोट धरून हे शहर पाहिलंय आणि त्यातल्या दिव्यांचं वर्णन ते आजही करतात. त्याच मामांना रझाकारांच्या धास्तीनं घरदार टाकून, बैलगाडीत पांघरुणाखाली लपून पैनगंगा ओलांडल्याचंही आठवतं. नदीपलीकडे वऱ्हाड, तिथे तिरंगा, अलीकडे निजाम. एका माणसाच्या मनात एकाच शहराचं भय आणि ओढ दोन्ही कशी नांदतात, हे मला या घरात आल्यापासून उलगडलेलं नाही. ते शहर आपल्या डोळ्यांनी पाहावं, एवढ्यासाठी मी आलेय. ह्यांना गोवळकोंडा बघायचाय.

म्युझियममधली दालनं पायाखालून घालता घालता पोटऱ्या भरून येतात. तिसऱ्या सालारजंगांनी, मीर युसुफ अली खानांनी, आयुष्यभर जमवलेला हा पसारा. १६ डिसेंबर १९५१ ला नेहरूंनी तो लोकांसाठी खुला केला. हस्तिदंत, चिनी माती, जेडच्या मुठींचे खंजीर, सगळ्यांपुढे गर्दी आहे. पण मी खिळून राहते ती रिबेकापुढे. इटलीच्या बेन्झोनी नावाच्या शिल्पकारानं घडवलेली ही संगमरवरी मुलगी. पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये ती रोममध्ये विकत घेतली. तिच्या चेहऱ्यावर ओढणी आहे. ओढणीही संगमरवराचीच, त्याच दगडातली. तरी ओढणीआडून नाक दिसतं, मिटलेले ओठ दिसतात, खाली झुकलेल्या पापण्या दिसतात. शेजारी उभी असलेली नऊवारीतली एक बाई आपल्या लुगड्याचा पदर चिमटीत धरून बघते, मग पुतळ्याकडे बघते, मग पुन्हा पदर. तिला विचारते, कुठल्या तुम्ही? "लोह्याच्या." म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्याच्या, नांदेडच्या. मघाशी टोले मोजणारी तीच.

पहिले सालारजंग हे नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, पण घ्यायला हवं. महसुलाचे मक्ते देऊन रयत पिळायची जुनी रीत मोडून, पगारी अधिकारी नेमून, १८६०च्या दशकात त्यांनी निजामाच्या राज्यात जिल्हे पाडले. जिल्हा, तालुका अशी जी घडी आम्ही आज गृहीत धरतो, तिची पहिली आखणी या घराण्यातल्या माणसानं केली. इतिहासाच्या पुस्तकात आमच्या मुलांना हे भेटत नाही. मराठवाड्याच्या वाट्याला येतो तो १७ सप्टेंबर १९४८, पोलीस कारवाई आणि झेंडावंदन. ते यायलाच हवं. पण त्याच्या मागचं शहर, त्यातली बरी-वाईट माणसं, ती सगळी धुक्यात.

म्युझियममधून बाहेर पडून आम्ही नदीच्या कडेनं नयापुलावर येतो. मामांनी निघताना बजावलंय, मुसीवर जरा थांबा. थांबतो. खाली काळपट पाणी, गवत, म्हशी, प्लॅस्टिक. ह्यांना विश्वास बसत नाही की याच नदीनं २८ सप्टेंबर १९०८ ला हजारो माणसं गिळली. त्या पुरात उजवीकडच्या काठावरल्या एका चिंचेच्या झाडावर दीडशे माणसं चढून बसली आणि वाचली, असं सांगतात. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात अजून आहे. मग निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि वरच्या अंगाला उस्मानसागर, हिमायतसागर हे दोन तलाव बांधले गेले. डावीकडच्या काठावर हायकोर्टाचे घुमट. गुलाबी दगड उन्हात तापून आणखी तांबूस झालाय. १९२० मध्ये ही इमारत उभी राहिली. ह्यांचे आजोबा याच दारातून आत गेले असणार, बगलेत कागदांचं बोचकं, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा.

"दावा जिंकले का हारले?" मी विचारते.

"निकाल लागायच्या आत राज्यच गेलं," हे म्हणतात.

फोन वाजतो. भावकीतला एकजण आहे. हैदराबादेत आहोत हे कळल्याबरोबर तो पहिलं विचारतो, गॅझेटचं काही कळालं का. आमच्या गावात सध्या हैदराबाद म्हटलं की गॅझेट. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं हैदराबाद गॅझेटच्या नोंदींचा निर्णय काढला, तेव्हापासून घराघरात जुन्या ट्रंका उघडल्या जातायत. खासरा, सेतवार, मोडी आणि उर्दूतले पिवळे कागद. आजोबांनी इथल्या कोर्टात नेलेले कागद नातवंडं आज कुणबी दाखल्यासाठी शोधतायत. हे त्याला शांतपणे सांगतात की आम्ही फिरायला आलोय, कचेरीत नाही. फोन ठेवल्यावर मात्र हायकोर्टाकडे पुन्हा एकदा बघतात.

हायकोर्टाच्या पुढे सिटी कॉलेज. हे ठिकाण कुठल्याही सहलीच्या यादीत नसतं. माझ्या यादीत ते सगळ्यात वर आहे. १९२१च्या या दगडी इमारतीचे घुमट, कमानी आणि गवाक्षं बघत मी फाटकाशी उभी राहते. पहारेकरी विचारतो, "अंदर काम है क्या, अम्मा?" काम काही नाही. कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूर नावाच्या गावात १९३२ मध्ये एक मुलगा जन्मला, वसमतच्या शाळेत शिकला आणि पुढच्या शिक्षणासाठी या दारातून आत गेला. नरहर कुरुंदकर. त्याचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, त्यांच्या आधारानं भाचा हैदराबादेत राहिला. पदवी हाती यायला पुढे बरीच वर्षं गेली, पण वाचन आणि वाद घालायची रग त्यानं या शहरात कमावली. निजामी राजवट, रझाकार, मुसलमान समाज, गांधी, मनुस्मृती, नाट्यशास्त्र; कशावरही बोलताना कुरुंदकर घाबरले नाहीत आणि कुणाचा द्वेषही केला नाही. मी वर्गात त्यांचं नाव घेते तेव्हा मुलं माझ्याकडे कोरेपणानं बघतात. आपल्या गावापासून एसटीनं तासाभरावर असा माणूस जन्मला, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी पहारेकऱ्याला म्हणते, आमच्या जिल्ह्यातला एक मोठा माणूस इथे शिकला. तो मान हलवतो, फाटक जरासं उघडतो आणि म्हणतो, "देख लो, फोटो नक्को." आतल्या झाडाखाली दोन मुलं पुस्तकं उघडी टाकून कशावरून तरी तावातावानं भांडतायत. मला ते फार बरं वाटतं.

मदिना चौकापासून पथ्थरगट्टी सुरू होते. दगडी कमानींखाली मोत्यांची, कापडाची दुकानं, पुढे गुलझार हौज, त्याच्या चारी बाजूंना चार कमानी आणि समोर चारमिनार. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहानं तो बांधला. ह्यांना इथे वेगळंच आठवतं. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज याच शहरात आले होते, तेव्हा आपल्या बखरींत याचं नाव भागानगर. दादमहालात अबुल हसन कुतुबशहाची आणि त्यांची भेट झाली. मध्ये मादण्णा आणि आकण्णा हे कारभारी. दादमहाल आज उरलेला नाही. पण चारमिनार तेव्हाही होता, शहाऐंशी वर्षांचा. "म्हणजे महाराजांनी बघितलेली भिंत आपण बघतोय," हे म्हणतात, आणि गर्दीतून वाट काढून एका खांबाला तळहात लावून येतात. त्यांच्या आधी कितीजणांनी तसाच हात लावलाय, चुना तिथे गुळगुळीत झालाय. वर जायचा गोल जिना अरुंद आणि अंधारा. दीडशेला एक कमी इतक्या पायऱ्या. वरून मक्का मशिदीचं भलंमोठं अंगण, कबुतरं, आणि पश्चिमेला बांगड्यांनी लखलखणारा लाडबाजार.

लाडबाजारात माझा वेळ जाणार हे ठरलेलंच होतं. संक्रांत तोंडावर आलीय. हळदी-कुंकवाला यंदा काय लुटायचं, हे मी गावातच ठरवून निघाले होते: लाखेची कडी. एका दुकानाच्या तोंडाशी कारागीर बसलाय. पुढ्यात निखाऱ्यांची शेगडी, त्यावर पत्रा. लाखेचा गोळा तापून मऊ झाला की तो लाकडी काठीवर घेऊन पत्र्यावर वळतो. गोळ्याची दोरी होते, दोरीची टोकं जुळवली की कडं. ते लाकडी साच्यावर चढवून गोल करायचं. आणि मग, लाख गरम आहे तोवर, खडे. हा भाग मी वाकून बघते. खडे बाजरीच्या दाण्याहून बारीक. तो एकेक उचलतो, लाखेवर टेकवतो आणि नखानं दाबतो. रांग वाकडी होत नाही. लाख थंड पडायला लागली की कडं पुन्हा निखाऱ्यावर धरायचं. जास्त धरलं तर बसवलेले खडे सुटतात. त्याच्या अंगठ्याचं नख जळून तपकिरी झालंय.

"कहाँ से आए?" गल्ल्यावरची बाई विचारते.

"हिंगोली."

"हौ? हमारी खाला परभणी में दिये सो है." मग ती स्टूल पुढे सरकवते आणि भाव आपोआप उतरतो. तरी मी आणखी उतरवते. ती "नक्को अम्मा, इत्ता नक्को" म्हणत हसते आणि देते. मी हिरवी, साधी, एका रांगेच्या खड्यांची कडी मोजून घेते. मोजताना ह्यांना वाटतं मी जास्त घेतेय. मी जास्तच घेतेय. आमच्या गल्लीत नवरा गेलेल्या बाया आहेत, हळदी-कुंकवाच्या दिवशी ज्या दार लावून घरात बसतात. गेल्या काही वर्षांपासून आम्ही काही शिक्षिका त्यांनाही बोलावतो. पहिल्यांदा कुणी आलं नाही. मग एक आली, मग तिनं दुसरीला आणलं. ज्या बाईनं उभा जन्म दुसऱ्याच्या रानात हळद काढली, तिच्या कपाळाला हळद लागू नये, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. हिरवी कडी त्यांच्यासाठीही आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोंड्याची बस. कंडक्टर बाई माझ्याकडे हात करतात, "आधार?" तेलंगणात बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण आधारवरचा पत्ता तेलंगणाचा लागतो. माझ्या आधारवर जिल्हा हिंगोली. त्या कार्ड उलटंसुलटं करून परत देतात आणि तिकीट फाडतात. शेजारच्या सीटवरची बाई निजामाबादची, तिला फुकट. निजामाबाद आणि हिंगोली एकेकाळी एकाच राज्यात, दोन्हीकडे हळद, दोन्हीकडे मोंढ्यात तीच पोती. ती आणि हे लगेच भावावर येतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, असं हे तिला सांगतात. तिच्याकडे हळद बोर्ड आलंय, हे ती ह्यांना. दोघंही म्हणतात, बोर्ड आलं, शिक्का मिळाला, आता भाव टिकला पाहिजे.

गोवळकोंड्याच्या फतेह दरवाज्यात घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली की ती वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सगळेच टाळ्या वाजवत असल्यानं कुणाची टाळी कुणाची ते कळत नाही. हे वर चढून जातात आणि मी खाली थांबते असं ठरतं. पण अर्ध्यावर गेल्यावर ते वळून खुणावतात आणि मीही निघते. साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. मध्येच रामदासाची कोठडी लागते. समर्थ नव्हेत, हे भद्राचलमचे रामदास, कांचर्ला गोपन्ना. तानाशहाच्या, म्हणजे त्याच अबुल हसन कुतुबशहाच्या, राज्यात तहसीलदार होते. वसुलीच्या पैशातून त्यांनी रामाचं देऊळ बांधलं आणि या अंधाऱ्या खोलीत येऊन पडले. भिंतीवर त्यांनी कोरलेल्या देवाच्या मूर्ती आहेत, वरच्या झरोक्यातून त्यांवर उजेडाचा एक पट्टा पडतो. तेलुगू कुटुंबं नारळ फोडतायत, भजन म्हणतायत. कथा अशी की एका रात्री दोन तरुण तानाशहाकडे आले, सगळी रक्कम मोजून दिली आणि गेले. ते राम-लक्ष्मण होते.

ऐकता ऐकता हे माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. आमच्या दामाजीपंतांची हीच तर गोष्ट. मंगळवेढ्याला दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली, बेदरच्या बादशहानं पकडून नेलं, आणि विठू महाराचं रूप घेऊन पांडुरंगानं हुंडी भरली. इकडे राम, तिकडे विठ्ठल. दख्खनच्या दोन टोकांना, दोन भाषांत, सामान्य माणसानं राज्यकर्त्याबद्दल एकच इच्छा धरली: की सरकारी हिशेबाच्या वर एक हिशेब असावा आणि तो देवानं चुकता करावा. नामदेवांचं नरसी आमच्या जिल्ह्यात. ह्यांच्या गळ्यात माळ आहे. ते कोठडीच्या उंबऱ्याला डोकं टेकवतात. एक तेलुगू आजोबा त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवतात.

दुपारी बेगमपेठ. हेही यादीत नसलेलं ठिकाण. स्वामी रामानंद तीर्थांची समाधी इथे आहे. २२ जानेवारी १९७२ ला स्वामीजी याच शहरात गेले. हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा त्यांनी चालवला, निजामाच्या तुरुंगात राहिले. ज्या शहराच्या राजवटीविरुद्ध आयुष्य वेचलं, त्याच शहरात त्यांनी देह ठेवला. मला वाटतं, मामांच्या मनातला गुंता मला इथे थोडा सुटतो. स्वामीजींचं भांडण निजामाच्या सत्तेशी होतं, शहराशी नव्हतं. शहर तेव्हाही आपलंच होतं. आपली माणसं इथे होती म्हणून तर लढा होता. वसमत-औंढ्याच्या पट्ट्यातल्या पुरजळचे केशवराव कोरटकर इथे वकील झाले, हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९०७ मध्ये वामनराव नाईकांसोबत त्यांनी इथे विवेकवर्धिनी शाळा उभी केली, उर्दूच्या राज्यात मराठी शिकवणारी. जांबागेत ती अजून चालू आहे. आज आमच्या तालुक्यात मराठी शाळांचे पट घसरतायत, आणि पुरजळच्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या राजधानीत मराठी शाळा काढली. मी समाधीपुढे शेवंतीची फुलं ठेवते. रस्त्यावरची वाहनं क्षणभर थांबत नाहीत.

हुसेनसागर, मधोमध उभा बुद्ध, टँकबंड, हे आम्ही ऑटोतूनच बघतो. संध्याकाळ नुमाईशसाठी राखलीय.

नुमाईश म्हणजे नामपल्लीचं प्रदर्शन, दर वर्षी १ जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ मध्ये बागेआममध्ये ते सुरू केलं, पुढे १९४६ मध्ये ते या मैदानावर आलं. तिकिटाचा आणि गाळ्यांचा पैसा शिक्षणसंस्थांकडे जातो, ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून भावते. आत शिरताच काश्मिरी शालींचे ढीग, लखनौची चिकनकारी, खुर्जाच्या बरण्या, कानात ओरडणारा लाऊडस्पीकर: लाल फ्रॉकमधली मुलगी ऑफिसजवळ आहे, तिच्या आईनं यावं. आमच्या घरी एक पितळी अडकित्ता आहे, आजोबांनी नुमाईशमधून आणलेला, असं मामा सांगतात. हे गाळ्यागाळ्यावर अडकित्ते शोधतायत. स्टीलचे मिळतात, पितळी मिळत नाही. शेवटी मुरादाबादच्या एका गाळ्यावर कोपऱ्यात एक सापडतो. गाळेवाला तो पुसून देतो. हे उघडझाप करून धार बघतात, खिशातून सुपारी काढून कातरून बघतात आणि मग पैसे देतात. मिरची भजी तिखट आहेत, तरी आम्ही दुसरी प्लेट घेतो. थंडी आता जाणवू लागलीय. पाळण्यात बसायचं का, असं मी विचारते आणि हे चक्क हो म्हणतात.

सकाळी कचेगुडा. १९१६ची ही निजामी इमारत, वर घुमट, खाली नरखेडकडे जाणाऱ्या इंटरसिटीची गर्दी. बाकावर आमच्या शेजारी एक तरुण जोडपं बसलंय. बाईच्या मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. नवऱ्याच्या हातात दवाखान्याच्या फायली.

"कुठले म्हणायचे?" हे विचारतात.

"कळमनुरीकडचे. तुमी?"

"वसमत."

"मग एकाच गाडीचे की." डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बरं झालंय. लॉज आणि दवाखाना, दवाखाना आणि लॉज, एवढंच हैदराबाद त्यांनी पाहिलं. मी पोराला उस्मानिया बिस्किटांचा पुडा देते. गाडी लागते, ढकलाढकली होते, हे आत घुसून आधी बांगड्यांची पिशवी मागतात, मग हात देऊन मला वर घेतात. पोराला खिडकी मिळते. बोलारम मागे पडेस्तोवर त्याची आई मोकळी झालीय. पुढच्या तपासणीला मार्चमध्ये बोलावलंय, म्हणते. तेव्हा चारमिनार तरी दाखवावा म्हणतोय लेकराला. आम्हाला सांगाल का, ताई, कसं जायचं ते?

मी पर्समधली वही काढते आणि लिहून देते. अफजलगंजला उतरायचं. पूल पायीच ओलांडायचा. उजव्या हाताला पहिलं हायकोर्ट, त्याच्या पुढे सिटी कॉलेज. तिथे आपल्या नांदापूरचे कुरुंदकर शिकले, हे लेकराला सांगायचं. मग पथ्थरगट्टीनं सरळ. ती कागद वाचते, घडी करून फाईलमध्ये ठेवते आणि विचारते, वर चढायला तिकीट लागतं का.

"तुम्हाला लागतं," हे सांगतात, "पंधराच्या आतल्या लेकराला नाही."